घरात माणसं कोण कोण आहेत?

कोर्सच्या पहिल्या दिवशी पूर्वपरीक्षा होती. वीस प्रश्न, वीस मिनिटं. मी बारा मिनिटांत पेपर संपवला आणि उरलेली आठ मिनिटं निवांत बसून काढली. अठरा वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतेय. रेबीज, लेप्टो (प्राण्यांच्या लघवीतून पसरणारा जिवाणूंचा आजार), गजकर्ण, जंत यांत मला कोण काय नवीन शिकवणार, असा माझा एकूण आव. खरं सांगायचं तर विषयाच्या ओढीने मी नाव घातलंच नव्हतं. नोंदणी नूतनीकरणासाठी शिक्षणाचे तास भरायचे होते, त्वचारोगाच्या कोर्सच्या जागा भरल्या होत्या, आणि ‘पाळीव प्राण्यांपासून माणसाला होणारे आजार’ हा माझ्या वेळेत बसत होता.

मार्क पडले नऊ.

चुका कुठे झाल्या ते शोधायला बसले तेव्हा जास्तच वाईट वाटलं. मांजराच्या ताज्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी लगेच लागतो, असं मी लिहिलं होतं. प्रत्यक्षात बाहेर पडलेली बीजं संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून तर विष्ठेचा ट्रे रोज साफ करायला सांगतात. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतलेल्या माणसाला कुत्रा चावला तर काय, यात मी इम्युनोग्लोब्युलिनवर, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनवर, खूण केली. त्याला ते लागत नाही, बूस्टर पुरतात. आणि विसावा प्रश्न असा: टक्कल पडलेले चट्टे असलेलं मांजरीचं पिल्लू तपासायला आलंय, तुम्ही सर्वात आधी काय विचाराल? मी ‘जंतनाशक कधी दिलं?’ निवडलं. अपेक्षित उत्तर होतं, ‘घरात माणसं कोण कोण आहेत?’

मला तो प्रश्न तेव्हा लबाडीचा वाटला. प्राण्यांच्या डॉक्टरला माणसांचं काय?

पुढचे सहा आठवडे संध्याकाळी ऑनलाइन व्याख्यानं, मग दोन दिवसांची कार्यशाळा, मग तीन महिने स्वतःच्या दवाखान्यातल्या केसेसची नोंदवही, असा बेत होता. पहिली दोन व्याख्यानं मी अर्ध्या कानाने ऐकली. ‘झुनोसिस’, म्हणजे प्राण्यांपासून माणसाला होणारा आजार, हा शब्द रुडॉल्फ विर्शो या रोगनिदानतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात रूढ केला, वगैरे. मधूनच कासवांची गोष्ट आली: छोट्या कासवांपासून मुलांना साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग व्हायला लागल्यावर अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. मूल अख्खं कासव तोंडात घालू शकणार नाही, असा त्या चार इंचांमागचा हिशोब. ही गोष्ट मात्र लक्षात राहिली.

तिसऱ्या व्याख्यानाला माणसांच्या संसर्गरोगांच्या एक डॉक्टर आल्या. त्यांनी सुरुवातीला एकच फोटो लावला: सुजलेलं, लालभडक बोट, आणि त्यावर दोन टाचणीएवढी भोकं. “हा हात कोणाचा असेल?” मग स्वतःच म्हणाल्या, “तुमच्यापैकी एकाचा.” मांजराचा दात बारीक आणि लांब असतो. वरून जखम दिसत नाही, पण तो थेट सांध्यापर्यंत किंवा स्नायुबंधाच्या आवरणापर्यंत जातो आणि भोक लगेच मिटतं. आत पाश्चुरेला हा जिवाणू राहतो आणि कित्येकदा २४ तासांच्या आत हात सुजून येतो. कुत्र्याचा चावा दिसायला भयंकर, पण तो फाडतो. मांजर इंजेक्शन देतं. त्यांनी विचारलं, “मांजर चावल्यावर बोट डेटॉलमध्ये बुडवून पुढचा पेशंट घेतलेले किती?” पडद्यावर पिवळ्या हातांची रांगच लागली. माझाही त्यात होता.

मग कॅप्नोसायटोफागा आला. निरोगी कुत्र्याच्या तोंडात सहज राहणारा जिवाणू. तुम्हा-आम्हाला सहसा काही करत नाही. पण ज्याची प्लीहा काढलेली आहे, किंवा जो खूप दारू पितो, त्याला कुत्र्याने नुसती जखम चाटली तरी रक्तात विष पसरू शकतं. त्या सहज बोलून गेल्या, “अशा माणसाचा कुत्रा दर वर्षी लसीला तुमच्याकडे येतो. त्याला प्लीहा नाही हे मला माहीत असतं, त्याच्याकडे कुत्रा आहे हे तुम्हाला. आपण दोघं कधी बोलत नाही.”

लॅपटॉप बंद केला आणि एक पोपट आठवला.

दहाएक वर्षं झाली असतील. एक आजोबा पोपट घेऊन आले होते. पिसं फुगवून बसलेला, हिरवट पातळ विष्ठा, डोळे चिकट. मी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. पोपट चौथ्या दिवशी गेला. महिन्याभराने त्यांची सून दुसऱ्या कामासाठी आली आणि बोलता बोलता म्हणाली, “बाबांना न्यूमोनिया झाला होता, दहा दिवस अॅडमिट होते.” मी ‘अरेरे’ म्हटलं. बस, एवढंच. हॉस्पिटलात कोणी त्यांना घरी पक्षी आहे का विचारलं नाही, आणि पक्षी आजारी असताना मी घरी कोणाला खोकला-ताप आहे का विचारलं नाही. सिटाकोसिस, म्हणजे पक्ष्यांपासून माणसाला लागणारा आजार, होता का? आता कळायला मार्ग नाही, नमुना कोणीच पाठवला नव्हता. त्याच्या जंतूसाठी, क्लॅमिडिया सिटासीसाठी, पक्ष्याला डॉक्सिसायक्लिन पाच दिवस नाही, ४५ दिवस द्यावं लागतं, हे मला या कोर्समध्ये पुन्हा कळलं. पिंजरा साफ करताना विष्ठा आधी ओली करायची, म्हणजे धूळ उडून श्वासात जात नाही, हेही मी त्या आजोबांना सांगितलं नव्हतं. बरे झाले ते. पण मी त्यांना पाच दिवसांची गोळी आणि ‘पोपट वाचणं कठीण आहे’ एवढंच दिलं होतं.

चौथ्या आठवड्यातला गृहपाठ साधा वाटला: आपल्या दवाखान्यातले शेवटचे पन्नास केसपेपर काढा आणि किती कागदांवर घरातल्या माणसांची नोंद आहे ते मोजा. पाच वर्षांखालचं मूल, गर्भवती बाई, पासष्टीपुढचं माणूस, किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कोणी. मी रात्री दवाखान्यात बसून मोजले. तीन. त्यातल्या एकावर लिहिलं होतं, “बाळ आल्यापासून कुत्रा भुंकतो.” ती नोंद कुत्र्याच्या स्वभावाची होती, बाळाची नव्हती. दुसऱ्यावर मुलाचा उल्लेख होता, कारण ते तपासणीच्या खोलीत रडत होतं आणि मला वजन घेता येत नव्हतं.

त्याच पन्नास कागदांत पिल्लांचे नऊ होते. नऊही पिल्लांना मी पहिलं जंतनाशक सहाव्या आठवड्यात, पहिल्या लसीच्या वेळी दिलेलं. टोक्सोकारा या जंताची अळी आईच्या पोटातच पिल्लात शिरते. जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते पिल्लू अंडी टाकायला लागतं, म्हणून जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासून आणि दर दोन आठवड्यांनी द्यायचं असतं. ताज्या विष्ठेतली अंडी निरुपद्रवी असतात, मातीत दोन ते चार आठवडे राहिली की घातक होतात, आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. माती तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात गेली तर अळी यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात जाऊन बसते. “पिल्लं माझ्याकडे येतातच सहाव्या आठवड्यात, मी काय करू?” असं मी चर्चेत विचारलं. एका तरुण सहाध्यायीने लिहिलं, “मॅडम, गाभण कुत्री तर आपल्याकडे येते ना? तेव्हाच मालकाच्या हातात पिल्लांचं वेळापत्रक द्यायचं.” वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान असावा. बरोबर होता.

कार्यशाळेला आम्ही चोवीस जण होतो. पहिल्या सकाळी प्रत्येकाच्या टेबलावर एक कापडी कुत्रा. नेहमीसारखी तपासणी करा, कान बघा, इंजेक्शन द्या, केसपेपर लिहा, हात धुवा आणि जागेवर बसा, एवढीच सूचना. मोठी माणसं खेळण्यातल्या कुत्र्याला ‘शांत बस हं’ म्हणत होती. मग दिवे घालवले आणि शिकवणाऱ्या बाईंनी अतिनील प्रकाशाची बॅटरी लावली.

कुत्र्याच्या केसांत चमकणारी पूड होती. ती कुठे कुठे गेली होती! स्टेथोस्कोपवर असणारच. पण माझ्या मोबाइलच्या पाठीवर, दाराच्या मुठीवर, पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर? हात मी धुतले होते, तरी अंगठे आणि नखांच्या कडा चंद्रकोरीसारख्या उजळल्या होत्या. अंगठीखाली तर वर्तुळच. ग्लोव्हज घातलेल्यांची गंमत वेगळी होती: काढताना ते मनगटाला लागले होते. मग बाईंनी बॅटरी माझ्या चेहऱ्याकडे वळवली आणि शेजारचा डॉक्टर हसला. माझा खालचा ओठ चमकत होता. केसपेपर लिहिताना मी पेनाचं टोपण दातात धरते. अठरा वर्षं धरतेय.

त्या दिवसापासून दवाखान्यात टोपणाचं पेन ठेवलेलं नाही. दाबायचं पेन.

गजकर्णाचं सत्रही त्याच अंधारात झालं, वूड्स लॅम्प, म्हणजे त्वचा तपासायचा अतिनील दिवा, हाताशी होताच. मायक्रोस्पोरम कॅनिस या गजकर्णाच्या बुरशीने धरलेले केस हिरव्या सफरचंदाच्या रंगासारखे चमकतात, पण चमकतो तो केसाचा दांडा. कोंडा, मलम, धूळ निळसर चमकते आणि आपण फसतो. शिवाय काही चमकलं नाही म्हणून गजकर्ण नाही असंही नाही. लांब केसांच्या मांजरांत तर एकही चट्टा नसताना बुरशी अंगावर असू शकते. मी इतकी वर्षं दिवा पाच सेकंद फिरवून ‘नाही’ म्हणत आले होते.

दुपारी संवादाचा सराव होता. मी पशुवैद्य, आणि त्या संसर्गरोगांच्या डॉक्टर झाल्या आठ आठवड्यांची गर्भवती. घरच्यांनी सांगितलंय, मांजर सोडून ये. मी सुरू केलं: टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी, मांजर हे त्याचं अंतिम यजमान… त्यांनी हात वर केला. “डॉक्टर, मांजर ठेवू की सोडू?” मी म्हटलं, “त्यासाठी आधी जीवनचक्र समजून घ्यावं लागेल.” वर्गात हशा फुटला.

दुसऱ्यांदा त्यांनी माझी जागा घेतली. “मांजर ठेवा. ट्रे रोज, आणि दुसऱ्या कोणीतरी साफ करायचा. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही, तुम्हीही अर्धंकच्चं खायचं नाही. मातीत हात घातलात तर ग्लोव्हज, आणि रक्ततपासणीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.” पंधरा सेकंद. नंतर कारणं सांगितली: मांजर सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे ही बीजं टाकतं. ते अंग चाटून स्वच्छ ठेवतं, त्यामुळे कुरवाळून लागण्याची शक्यता फार कमी. माणसाला धोका मांजरापेक्षा अपुऱ्या शिजलेल्या मांसातून आणि मातीतून जास्त. माझं म्हणणं असं की हा सराव सगळ्या कोर्समध्ये आधी ठेवला पाहिजे. भीतीपोटी रस्त्यावर सोडलेल्या मांजरांचा हिशोब कोणी ठेवत नाही, आणि त्यातली काही आमच्या अर्धवट वाक्यांमुळे सुटलेली असतात.

तक्रारही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड तास नुसते तक्ते दाखवले: रोग, जंतू, यजमान, लक्षणं, औषध, बारीक अक्षरात. बार्टोनेला हा जिवाणू पिसवांच्या विष्ठेतून मांजराच्या नखांवर येतो, म्हणून ओरखड्याचा आजार रोखायचा तर आधी पिसवा मारा, ही एक सुरेख साखळी त्या तक्त्यात एका चौकटीत चिरडली होती. आणि दुसरी तक्रार: चोवीस पशुवैद्य बसले होते, माणसांचे डॉक्टर शिकवायला एक आणि शिकायला शून्य.

जेवणानंतर रेबीज. शिकवणारे सर निवृत्त, हळू बोलणारे. आकडे त्यांनी एका दमात सांगून टाकले: जगात वर्षाला अंदाजे ५९,००० मृत्यू, माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे, लक्षणं दिसल्यावर उपाय जवळजवळ नाहीच, आणि चावल्यावर पहिलं काम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुणं. मग त्यांनी चावणाऱ्या प्राण्याच्या दहा दिवसांच्या निरीक्षणाचं कारण विचारलं. सगळ्यांना नियम येत होता, कारण चौघांनाच. कुत्र्या-मांजराच्या लाळेत विषाणू उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. चावला तेव्हा लाळेत विषाणू असेल तर दहा दिवसांत तो प्राणी आजारी पडणारच. म्हणून दहा. मात्र चावलेल्या माणसाचे उपचार या दहा दिवसांसाठी थांबवायचे नाहीत, ते चालू ठेवायचे.

नमुना कसा घ्यायचा ते कवटीच्या प्रतिकृतीवर झालं. कवटी न फोडता, तळाच्या मोठ्या छिद्रातून नळी आत सारून मेंदूचा नमुना घेता येतो. मेंदूचं खोड हवं, जमलं तर लहान मेंदूही. बर्फात पाठवायचा. मी म्हणाले, “फॉर्मलिनमध्ये नाही?” सर म्हणाले, “फॉर्मलिनमध्ये घातलात तर प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचणीसाठी तो वाया गेला.” मी आयुष्यात दोन नमुने पाठवलेत. दोन्ही फॉर्मलिनमध्ये.

शेवटी त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “स्वतःचा टायटर गेल्या दोन वर्षांत कोणी तपासला?” म्हणजे रक्तातल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांची पातळी. दोन हात. मी लस कॉलेजात घेतली होती आणि ती जन्मभर पुरते अशा समजुतीत होते. पुढच्या आठवड्यात रक्त दिलं. रिपोर्ट आला ०.३. मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही पुरेशा संरक्षणाची धरलेली पातळी. त्याच संध्याकाळी बूस्टर घेतला आणि आमच्या दोन मदतनिसांना घेऊन गेले. त्यांनी तर कधी पहिलीही घेतली नव्हती. लाज मला त्या ०.३ पेक्षा याची जास्त वाटली. कुत्र्याचं तोंड धरतात ते.

मग तीन महिन्यांची नोंदवही. ‘घरात माणसं कोण कोण आहेत?’ हा प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी झापलं. “आजारी कुत्रा आहे, डॉक्टर. माझी चौकशी कशाला?” कुत्र्याला जुलाब होते, कच्च्या मांसावर वाढवलेला. मी कारण सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, “हिचं मूत्रपिंड बदललंय तीन वर्षांपूर्वी. कुत्रा हिच्याच पायाशी झोपतो.” सात वर्षं तो कुत्रा माझा पेशंट होता.

तोंडी विचारणं लोकांना खुपतं हे कळल्यावर मी छापील कागद केला. चार चौकटी, ‘असं कोणी घरात आहे का’ एवढंच. कोण आणि का, ते लिहायचं नाही. आजार माणसाचा असला तर निदान आणि औषध माझं काम नाही, हे कोर्समध्ये दहादा बजावलं होतं. माझं काम एक पत्र: तुमच्या डॉक्टरांना हे दाखवा.

नोंदवहीतली नववी केस लेप्टोची. चार वर्षांचा कुत्रा, उलट्या, डोळे पिवळेधमक, लघवी गडद. रक्ताचा पीसीआर पॉझिटिव्ह. लस होती, पण दोनच सेरोगटांची (जंतूच्या उपप्रकारांची), आणि दोन वर्षं चुकलेली. यावेळी लघवीची नळी बंद पिशवीला जोडली, पिंजऱ्यावर पाटी लावली, एकच मदतनीस ग्लोव्हज आणि चष्मा लावून आत. मालक तरुण, एकटा राहणारा. छापील कागदावर चारही चौकटी रिकाम्या. त्याच्या डॉक्टरांना मी आधी फोन केला.

“पेशंटचं नाव?” पलीकडून विचारलं.

“शेरू.”

“वय?”

“चार.”

“बालरोग विभागाला जोडते.”

शेवटी पत्रच दिलं. दोन दिवसांनी शेरूला भेटायला आला तेव्हा मालकाने तेच पत्र परत आणलं. मागे त्या डॉक्टरांच्या अक्षरात दोन प्रश्न होते: कुत्र्याला अँटिबायोटिक कोणत्या तारखेला सुरू केलं? आणि लघवीशी उघड्या हाताने शेवटचा संपर्क कधी? पहिल्याचं उत्तर केसपेपरवर होतं. दुसरं मी विचारलंच नव्हतं. माणसात लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून महिनाभर लागू शकतो, तारीख नसेल तर ते कुठून मोजणार?

मी त्याला विचारलं. तो आठवत राहिला.

“अॅडमिट केला त्याच्या आदल्या रात्री. हॉलभर केलं होतं त्याने. पण फरशी मी नाही पुसली, डॉक्टर. आईने पुसली. ती चार दिवस राहायला आली होती ना.”

मी आईचं वय विचारलं. अडुसष्ट. मग नवीन कागद घेतला आणि पत्र पुन्हा लिहायला बसले.